शिवनेरीची घार आणि हडपसरचं ग्लायडर

शिवनेरी चढताना नारायणगावचा एक विमानवेडा तरुण मधल्या दरवाजाशी थबकला. समोर, अगदी नजरेच्या उंचीवर, एक घार पंख न हलवता गोल गोल वर सरकत होती. सोबतच्या पुतण्यानं विचारलं, "काका, ही पडत कशी नाही?"

काकांना हवा तोच विषय मिळाला!

उन्हानं कातळ तापतो, त्यावरची हवा गरम होऊन वर उठते. तिला थर्मल म्हणतात. घार त्या झोतात घिरट्या घालते. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, नेमकं हेच करतं.

ते शिकवणारं केंद्र पुण्यात हडपसरला 1950 साली सुरू झालं. तिथे विंच यंत्र लांब तार वेगानं गुंडाळतं आणि पतंगासारखं ग्लायडर वर खेचलं जातं. उंचीवर तार सुटते. उरतो फक्त वाऱ्याचा आवाज.

तिथलं दोन आसनी ब्लानिक एल-23 चेक बनावटीचं. शांत हवेत 1 मीटर उतरताना ते साधारण 28 मीटर पुढे जातं. म्हणजे 300 मीटरवरून जवळपास 8 किलोमीटर!

थर्मल नसेल तर? मग डोंगर कामी येतो. नाणेघाटातला पावसाळी उलटा धबधबा आठवा. कड्यावर आदळलेला वारा वर उसळतो आणि पाणी उलटं उडवतो. डोंगरउतारावरच्या अशाच वाऱ्यावर ग्लायडर तरंगतं.

पुतण्या अजून लहान आहे. विद्यार्थी वैमानिक परवान्यासाठी वयाची 16 वर्षं पूर्ण लागतात. तोवर घारी आहेतच.