गोळीतून पुन्हा ताटात

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं आणि आपल्याकडे संतापाची लाट उसळली. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक झाले. जुने संस्कृत ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवून संस्थेने दाद मागितली, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. खरचटलेल्या गुडघ्यावर ज्यांच्या ज्यांच्या आजीने हळद दाबली होती, त्या सगळ्यांनाच हा आपला विजय वाटला. पुढच्या तीस वर्षांत त्याच हळदीचं आणि एकूणच ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून मिरवलेल्या पदार्थांचं आपण काय केलं, ते मात्र फारसं अभिमानास्पद नाही.

शरीरात प्राणवायूच्या वापरातून तयार होणारे ‘फ्री रॅडिकल्स’ पेशींची झीज करतात आणि त्यातून म्हातारपण येतं, हे डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं. मग त्यांना आवर घालणारी द्रव्यं, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, गोळीतून का देऊ नयेत? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तो हादरवणारा होता: भाज्या-फळांतल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, हे आधीचं निरीक्षण खरं होतं. पण त्यातलं एकच द्रव्य वेगळं काढून मोठ्या मात्रेत दिलं आणि ते उलटलं.

बाजाराने यातून काही घेतलं नाही. अमेरिकी कृषी खात्याने पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता मोजून यादी केली. लवंग, दालचिनी, हळद तिच्यात फार वर होत्या. कंपन्यांनी तसले आकडे वेष्टनांवर छापले. परीक्षानळीतल्या या आकड्यावरून शरीरात काय घडेल ते ठरत नाही, म्हणून खात्याने २०१२ मध्ये ती यादीच मागे घेतली. आकडे गेले, जाहिराती राहिल्या.

हळदीचंही तेच. हळदीत करक्युमिन हे तिचं मुख्य सक्रिय द्रव्य सुमारे तीन टक्के, आणि तेही शरीरात नीट शोषलं जात नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं, की मिऱ्यातल्या पाइपरीनसोबत ते रक्तात कितीतरी जास्त उतरतं. मग या जोडीच्याही कॅप्सूल निघाल्या. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या अशा पूरक गोळ्या घेणाऱ्यांना यकृताची सूज आल्याची प्रकरणं पुढे आली. भाजीतली चिमूटभर हळद आणि रोजची जोरकस कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या स्वयंपाकाची ताकद मला अळूच्या पातळ भाजीत दिसते. पानं आणि सोललेली देठं शिजवून घोटायची, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी भिजवून त्यातच शिजवायचे, चिंच किंवा आमसूल घालायचं म्हणजे घसा खवखवत नाही. गूळ, गोडा मसाला, आणि वरून हिंग-हळद-मेथीची फोडणी. पानातलं कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही, करक्युमिनलाही स्निग्धाचीच सोबत लागते. फोडणी हे काम बिनबोभाट करते. डाळीचा आणि पानांचा तंतू आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो, आणि वनस्पतींतली पुष्कळशी रंगद्रव्यं हे जिवाणूच फोडतात.

पण ही भाजी आता आठवड्यातून किती घरांत होते? मसाला टिकला, पालेभाजी मागे पडली. चाकवत, चुका, अंबाडी, तांदुळजा शहरातल्या मंडईत शोधावे लागतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बियाणं जपलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ही या काळातली मला सर्वांत मोलाची घटना वाटते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतल्या नमुना ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. आपण त्याच्या जवळपासही नसतो.

तेव्हा महागड्या डब्या राहू द्या. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळदीच्या गोळ्या घेऊच नका. हळकुंड घेताना फार झगझगीत पिवळं टाळा, कारण रंग खुलवायला शिशाचा क्रोमेट चोळण्याचे प्रकार घडलेले आहेत. आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसलेली बाई दिसली की एक जुडी घ्याच. निवडायची कशी, शिजवायची कशी, ते तीच सांगेल.