चेहरा गप्प, माणूस नव्हे

बेंगळुरूजवळ देवनहळ्ळीच्या विमानतळावर पुण्याहून आलेल्या आजोबांना नातवंडं बिलगतात, पण आजोबा हसत नाहीत. रागावले असतील? नाही. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हातापायांसारखेच चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. आवाज खोल जातो, उत्तराला वेळ लागतो. आनंद होतो, दिसत नाही. समोरच्याला तो तुटकपणा वाटतो. मग रुग्णच चारचौघांत जाणं टाळू लागतो. माझ्या मते या आजाराचं हे दुखणं थरथरीपेक्षा मोठं आहे.

अरुंद दार, वळण, मागून कुणाची घाई, एवढ्यानेही काही रुग्णांचे पाय जमिनीला खिळतात. विमानतळावर तपासणीच्या रांगेत त्यांना ओढू नका, थांबू द्या. उदासपणाही अनेकदा आजाराचाच भाग असतो. तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. बेंगळुरूत निम्हान्स या संस्थेत त्यावर उपचार होतात. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतं.

आजोबांना कुणी काही विचारलं, तर त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका. त्यांना बोलू द्या.