नीलम ओळखावा कसा?



गेल्या दिवाळीनंतर बोर्ली पंचतनचा एक विद्यार्थी कागदाची पुडी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आला. पुडीत मटाराच्या दाण्याएवढा निळा खडा होता. ताईच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी घरच्यांनी तो नीलम म्हणून, बरेच पैसे मोजून आणला होता. आजीने तो दुधात टाकून पाहिला, दूध निळसर दिसले, म्हणून ती निश्चिंत होती. पण निळ्या बाटलीचा तुकडा दुधात टाकला तरी दूध निळसरच दिसते! मुलाने विचारले, ‘‘सर, अंगठीत बसवण्यापूर्वी याची परीक्षा करता येईल का?’’ प्रश्न अगदी योग्य वेळी विचारला होता. खडा एकदा सोन्यात बसला की पुढे सांगितलेला पहिला प्रयोग करता येत नाही.

नीलम म्हणजे कुरुंद या खनिजाचा निळा स्फटिक. कुरुंद हे ॲल्युमिनियम ऑक्साइड आहे. आपल्या श्रीवर्धन तालुक्यात बॉक्साइटचे साठे आहेत. त्यातही ॲल्युमिनियम व ऑक्सिजन हीच मूलद्रव्ये प्रामुख्याने असतात. मग आपल्या परसातल्या जांभ्या दगडात नीलम का सापडत नाही? बॉक्साइट हे पावसापाण्याने खडक झिजून जमिनीच्या पृष्ठभागाशी तयार होते. नीलमाचा स्फटिक घडायला भूगर्भातील उष्णता आणि दाब लागतो.

शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यातील काही थोड्या ॲल्युमिनियम अणूंच्या जागी लोखंड आणि टायटॅनियम यांचे अणू शिरले, की प्रकाश पडताच लोखंडाकडचा इलेक्ट्रॉन शेजारच्या टायटॅनियमकडे उडी घेतो. या उडीसाठी लागणारी ऊर्जा पिवळ्या व तांबड्या प्रकाशातून घेतली जाते, आणि आपल्या डोळ्यांपर्यंत निळा तेवढा पोहोचतो. याच कुरुंदात क्रोमियम शिरले तर त्याला आपण माणिक म्हणतो.

आता परीक्षा. खड्याचे वजन भरले ०.६१२ ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन कॅरट (एक कॅरट = ०.२ ग्रॅम). नंतर पाण्याचे चंचुपात्र इलेक्ट्रॉनिक तराजूवर ठेवून आकडा शून्यावर आणला व बारीक धाग्याला बांधलेला खडा तळाला न टेकवता पाण्यात बुडवला. तराजूवर ०.१६८ ग्रॅम आले. खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे हे वजन. (पाणी खड्याला जेवढे वर ढकलते, तेवढेच खडा पाण्याला खाली दाबतो. न्यूटनचा तिसरा नियम आठवा.) ०.६१२ ला ०.१६८ ने भागले की घनता येते ३.६४. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर उत्तर चुकते, म्हणून ब्रशाने बुडबुडे काढून प्रयोग तीनदा केला. उत्तर तेच.

नीलमाची घनता ४.०० असते. साध्या काचेची सुमारे २.५. म्हणजे खडा साधी काच नव्हता, आणि नीलमही नव्हता.

शिसे मिसळलेली जड काच ४ पर्यंत पोहोचू शकते, म्हणून एकट्या घनतेवर विसंबू नये. पोलरॉइडच्या तुकड्यातून खडा पाहावा आणि पोलरॉइड फिरवावा. नीलम एका स्थितीत जांभळट निळा, तर काटकोनात फिरवल्यावर हिरवट निळा दिसतो. स्फटिकाच्या एका विशिष्ट दिशेने पाहिले तर हा फरक दिसत नाही, म्हणून खडाही दोन-तीन बाजूंनी वळवून पाहावा. काच कशीही धरा, रंग बदलत नाही. आमच्या खड्याचाही बदलला नाही. ३.६४ घनता आणि एकच रंग, यावरून तो कारखान्यात केलेला निळा स्पिनेल असावा. दुकानदाराने तो परत घेतला. त्यालाही ते ठाऊक नव्हते असे तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला मुंबईहून खडा आला. वजन ०.५२० ग्रॅम, बाजूला सारलेले पाणी ०.१३० ग्रॅम, घनता बरोबर ४.००. पोलरॉइडमधून दोन रंगही दिसले. मुलाचा चेहरा खुलला. पण एक परीक्षा बाकी होती. खडा पाण्यात बुडवून, खाली पांढरा कागद ठेवून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिला, तेव्हा निळ्या रंगाचे वक्र पट्टे दिसले. निसर्गातला कुरुंद सपाट पृष्ठांचा स्फटिक म्हणून वाढतो, त्यामुळे त्याचे पट्टे सरळ असतात व कोनात मिळतात. वक्र पट्टे व्हर्न्यूईच्या पद्धतीचे लक्षण. या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्योतीतून खाली सोडून, वितळलेले थेंब साचवत कुरुंद वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. थर गोलसर माथ्यावर साचतात, म्हणून पट्टे वक्र.

हा खडा खोटा म्हणावा का? माझ्या मते नाही. रासायनिक घटना तीच, काठिण्य तेच, म्हणजे ९. धुळीतली गारगोटी ७ ची. तिने काच हळूहळू ओरखडते, हा खडा नाही. फरक उगमाचा आहे, आणि त्यामुळेच किंमतीचाही. नैसर्गिक म्हणून तो विकला तर ती मात्र फसवणूक. नैसर्गिक नीलमही बहुधा भट्टीत तापवून रंग सुधारलेला असतो. ते सांगणारे प्रमाणपत्र रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेतून घ्यावे; तेथल्या उपकरणांची बरोबरी आपल्या भिंगाला येत नाही.

रंग दुकानातल्या झगमगाटात ठरवू नये, दिवसाच्या उजेडात ठरवावा. कोंदण खालून उघडे असावे, म्हणजे मागे रंगीत पत्रा दडवता येत नाही. नीलम बोटाला टेकावा म्हणून ज्योतिषीही उघडेच कोंदण सांगतात. सूर्यापासून सुमारे १४३ कोटी किलोमीटरवरच्या शनीचा आणि या खड्याचा काही संबंध मला दिसत नाही, पण एवढा सल्ला त्यांचा ऐकावा!

ताईने कृत्रिम खड्याची खरी किंमत काढली, तो पुन्हा एकदा खिडकीशी धरून पाहिला आणि तोच ठेवला. पावतीवर ‘कृत्रिम नीलम’ असे मात्र तिने दुकानदाराकडून लिहून घेतले.