तुरुंग पत्करला, पण तो संसार नको!

१८८७ सालच्या मार्च महिन्याची ४ तारीख. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला : प्रतिवादी रखमाबाई हिने एक महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी नांदायला जावे, न गेल्यास सहा महिने तुरुंग! बाईंचे वय त्या वेळी अवघे २२. त्यांचे उत्तर सरळ होते. समज येण्यापूर्वी ज्याच्याशी लग्न लावून दिले त्याच्या घरी जाण्यापेक्षा कायद्यातली मोठ्यात मोठी शिक्षा आपण भोगू.

घरातली मुलगी एखाद्या स्थळाला ‘नाही’ म्हणाली, तर आज आपण फार तर चार दिवस रुसून बसतो. त्या काळी झालेल्या लग्नाला ‘नाही’ म्हणणे ही गोष्टच कुणाच्या कल्पनेत नव्हती. मग ती कोर्टात उभी राहून म्हणणारी ही मुलगी होती तरी कोण?

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतल्या सुतार जातीतला. वडील लहानपणीच वारले. त्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. म्हणून आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. डॉक्टर विद्वान, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. पण रूढीपुढे त्या घराचेही चालले नाही. अकराव्या वर्षी रखमाचे लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लागले. शाळा सुटली. मुलगी मात्र माहेरीच राहिली आणि मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून घरच्या घरी शिकत गेली.

इकडे दादाजी मामाच्या आश्रयाला राहिले. शिक्षण नाही, कमाई नाही, प्रकृतीही धड नाही. १८८४ साली त्यांनी बायको ताब्यात मिळावी म्हणून फिर्याद लावली. आईची मालमत्ता रखमाबाईंच्या नावावर झालेली होती, हेही विसरून चालणार नाही.

परका कायदा

या खटल्यातली खरी मौज पुढेच आहे. नवऱ्याने फिर्याद करावी आणि कोर्टाने बायको आणून द्यावी, हा उपाय आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच! तो विलायतेतल्या धर्मकोर्टांचा. इंग्रजांबरोबर तो इकडे आला. शिवाय ज्या १८८४ साली दादाजी कोर्टात गेले, त्याच साली इंग्लंडने आपल्याकडची त्यासाठीची तुरुंगाची शिक्षा रद्द केली. म्हणजे लंडनच्या बाईला जे भय उरले नव्हते, ते गिरगावच्या बाईच्या डोक्यावर टांगलेलेच राहिले.

पहिल्या न्यायाधीशांना, न्यायमूर्ती पिन्हे यांना, हे नेमके उमगले. एकत्र नांदून विभक्त झालेल्या जोडप्यासाठी असलेला हा उपाय, जी कधी नांदलीच नाही तिच्यावर लादणे त्यांना रानटीपणाचे वाटले. २१ सप्टेंबर १८८५ रोजी त्यांनी फिर्याद फेटाळली. पुढच्या वर्षी अपिलात तो निकाल फिरला, खटला पुन्हा चालला आणि फॅरनसाहेबांचा हुकूम आला.

दरम्यान सावत्र वडिलांचे १८८५ सालीच निधन झालेले. त्याच वर्षी ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध लिहिलेली पत्रे कुणाची, याची चर्चा गावभर झाली. ती रखमाबाईंची होती! बेहरामजी मलबारींसारखे सुधारक पाठीशी उभे राहिले. पण मोठा समाज विरुद्ध गेला. लोकमान्य टिळकांनीही विरुद्धच बाजू घेतली. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या घरात लक्ष घालू नये, असे म्हणणारे पुष्कळ होते. पण त्याच कोर्टाने बायको ओढून आणून द्यावी, यात त्यांना काही वावगे दिसले नाही.

मग त्या तुरुंगात गेल्या का?

राहनाळहून भिवंडीला कॉलेजात येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना ही हकीकत सांगितली, की पहिला प्रश्न हाच येतो. नाही, गेल्या नाहीत. जिला तुरुंगाचे भयच उरले नाही तिच्यापुढे हुकूमनाम्याचे काय चालणार? एका सुशिक्षित तरुणीला एवढ्यासाठी कोठडीत टाकले, तर हिंदुस्थानात आणि विलायतेत केवढे वादळ उठेल हे सर्वांना दिसत होते. रखमाबाईंच्या मदतीसाठी समिती उभी राहिली, प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची तयारी सुरू झाली. अखेर जुलै १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनामा न बजावण्याचे कबूल केले.

बाई सुटल्या, पण मोकळ्या झाल्या नाहीत. घटस्फोटाची सोय नव्हती. पुरुषाला दुसरी बायको करण्याची मुभा होती. बाईला दुसरा नवरा नव्हता. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि परत येऊन आधी सुरतेस, मग राजकोटला बायकांच्या इस्पितळात सुमारे ३५ वर्षे डॉक्टर म्हणून राबल्या. १९०४ साली दादाजी वारल्याचे कळले, तेव्हा ज्या लग्नाला त्यांनी आयुष्यभर लग्न मानले नाही, त्याच लग्नाच्या वैधव्याची पांढरी साडी त्यांनी नेसली. रूढी माणसाच्या मनात किती खोल रुजते, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

एका शिक्षेची कथा

तडजोडीने खटला मिटला. कायदा तसाच राहिला. तुरुंगाची शिक्षा आपल्याकडे रद्द व्हायला १९२३ साल उजाडले. मुंबई इलाख्यात द्विभार्याबंदी १९४६ साली आली, हिंदूंना घटस्फोट १९४७ साली. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला नव्वदीच्या रखमाबाईंनी डोळे मिटले.

पण त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये सहजीवनाचा तोच जुना उपाय कायम राहिला. इंग्लंडने १९७० साली तो मुळासकट काढून टाकला. आंध्र हायकोर्टाने १९८३ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले. सुप्रीम कोर्टाने पुढच्याच वर्षी ते वैध ठरवले. आता हुकूम मोडणाऱ्याला तुरुंग नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. नवऱ्याप्रमाणे बायकोलाही ही फिर्याद करता येते, असे समर्थन केले जाते. ते खरेच आहे. मात्र रखमाबाईंचा प्रश्न नवऱ्याचा की बायकोचा, हा नव्हताच. मन नसताना माणसाला दुसऱ्याच्या घरात राहायला लावण्याचा अधिकार कोर्टाला असावा का, एवढेच त्या विचारत होत्या.

सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. ज्या प्रश्नासाठी एक मुलगी तुरुंगात जायला निघाली होती, त्याचे संपूर्ण उत्तर आपण तिला अजून दिलेले नाही.