शिशाची गोळी, सरळ पुंगळी

ओहायोने २०१४ साली हरणाच्या शिकारीसाठी सरळ पुंगळीची काडतुसे चालवणाऱ्या रायफलींना परवानगी दिली आणि अडगळीत पडलेल्या आमच्या छंदाला एकदम बरे दिवस आले. तोवर इथे मुख्यतः शॉटगनचा स्लग चाले. सपाट शेते, जवळ जवळ वस्त्या. बाटलीसारख्या गळ्याच्या काडतुसाची गोळी भलतीच लांब जाते, म्हणून कायद्याने ही मधली वाट काढली. मग जो तो लिव्हर रायफल घेऊन निघाला. काडतुसे घरी भरणारे मात्र त्या मानाने वाढले नाहीत, आणि जे वाढले ते वेगाच्या नादी लागले. माझे भांडण त्यांच्याशी आहे.

.४५-७० हे अमेरिकी लष्कराचे १८७३ चे काडतूस. जाड शिशाची गोळी, मागे सत्तर ग्रेन काळी दारू, वेग सेकंदाला तेराशे फुटांच्या आसपास. ब्राउनिंगने आखलेल्या १८८६ च्या विंचेस्टरने ते लिव्हर रायफलीत रुळवले. पुढे धूरविरहित दारू आली आणि .३८-५५ च्याच पोटी जन्मलेल्या .३०-३० ने सगळ्यांना मागे टाकले. भारतातल्या वाचकांच्या ओळखीची एक रायफल मात्र सांगायलाच हवी: बंगळूरच्या शिकारी-लेखक केनेथ अँडरसनच्या हातातली .४०५ विंचेस्टर. पुंगळी सरळच. थिओडोर रूझवेल्टने १९०९ साली आफ्रिकेत सिंहांसाठी नेली तीही याच जातीची. मधली काही दशके रटाळ. १९६४ मध्ये मार्लिनने .४४४ आणले, १९७२ मध्ये .४५-७० परत आणले. अलीकडे .३५० लीजंड, .३६० बकहॅमर अशी भर पडली. असोत बापडी.

खरी मजा गोळी ओतण्यात. शिसे, थोडे अँटिमनी, चिमूटभर कथील. लोखंडी भांड्यात वितळवून वरची मळी काढायची आणि साच्यात धार सोडायची. साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती पांढुरकी निघते. दिवाळीतल्या अनारशांसारखा पहिला घाणा बिघडायचाच; तो परत भांड्यात टाकायचा. मग मेणाचे वंगण, आणि वेग वाढवायचा असेल तर बुडाला तांब्याची टोपी. हे काम उघड्या पडवीत करावे, पाण्याचा थेंबही जवळ येऊ देऊ नये आणि हात धुतल्याशिवाय चहा घेऊ नये.

पुंगळीचे काम त्यामानाने सोपे. .४४ मॅग्नमला पुंगळी मापात आणणारी डाय कार्बाइडची असेल तर वंगणही लागत नाही. .४५-७० ला लागते, कारण सरळ म्हणवली तरी ती किंचित निमुळती आहे. पुंगळीचे तोंड जरासे उमलवावे, नाहीतर गोळीचे शिसे तासले जाते. गोळी बसली की तोंड पुन्हा घट्ट मिटवावे. बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसे नळकांड्यात एकामागे एक असतात. प्रत्येक बाराच्या धक्क्याने सैल गोळी आत दबते आणि दाब वाढतो. सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या नसतील तर हे मिटवणे एकसारखे होत नाही. गोळीचे नाक चपटेच हवे, कारण ते पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकते.

‘मार्लिनच्या नळीतल्या उथळ खाचांना ओतीव गोळी मानवत नाही,’ असे काही मान्यवर अजून लिहितात. नळीतून मऊ शिसे ठोकून बाहेर काढा, मायक्रोमीटरने मोजा आणि गोळी त्याहून इंचाचा एक-दोन हजारांश जाड ठेवा, मग बोला. बारीक गोळी घालून नळीला दोष देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. म्हणजे घालतो, पण चहा पिऊन.

दुसरा पंथ वेगवाल्यांचा. २००६ च्या सुमारास हॉर्नेडीची मऊ रबरी टोकाची गोळी आली आणि नळकांड्यात टोकदार गोळी चालू लागली. कल्पना हुशार, हे मान्य. पण आमच्या रानात शंभर यार्डांपलीकडे दिसते काय? तेराशे फुटांची जड गोळी हरणातून आरपार जाते आणि पातळ कवचाच्या वेगवान गोळीइतकी फुटत नाही, त्यामुळे मांसही कमी नासते. वेगाच्या हव्यासात आणखी एक धोका आहे. हस्तपुस्तिकांत .४५-७० चे तीन वेगळे तक्ते असतात: जुन्या ट्रॅपडोर रायफलीसाठी सौम्य, मार्लिनसाठी मधला, रुगर नंबर वनसाठी जबर. काडतूस तिन्हींत बसते, पण रुगरचा तक्ता ट्रॅपडोरमध्ये वापरला तर बंदूक फुटेल. सध्याच्या घाईत तक्त्याचे शीर्षक कोण वाचतो?

आणि शिसेच आटत चालले आहे. टायरच्या दुकानातली वजने हल्ली लोखंडाची, नाहीतर जस्ताची. जस्ताचे तुकडे भांड्यात पडले की साचा नीट भरत नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली. मेलेल्या जनावरावर जगणाऱ्या काँडोर गिधाडांना शिशाने विषबाधा होते, त्यामुळे त्यामागचे कारण मी नाकारत नाही. करोनाकाळात प्रायमर मिळेनासे झाले तेव्हा नवशिक्यांनी काडतुसे भरायचे प्रेस विकून टाकले आणि ते पुन्हा या वाटेला आले नाहीत.

तेव्हा कोणाच्या माळ्यावर जुना लायमनचा साचा गंजत पडला असेल, तर कृपया भंगारात देऊ नका. तेलाचा हात फिरवून ठेवा आणि एखाद्या तरुणाला पडवीत बोलवा. तक्त्याचे शीर्षक आधी मोठ्याने वाचायला लावा, मग दारूचा डबा उघडा.