मानेतली नस आणि एका आकड्याचा धसका

हेल्थ चेकअपच्या पॅकेजात मानेची सोनोग्राफी असली की रिपोर्टात ‘०.८५ मिमी’ असं काहीतरी छापून येतं आणि घरात कुजबुज सुरू होते: नस बंद होत चालली वाटतं!

तसं नाही. हा आकडा धमनीच्या भिंतीच्या आतल्या दोन थरांच्या जाडीचा आहे. रक्ताची वाट किती अरुंद झाली, याचा नव्हे. सोनोग्राफीवर ही जाडी मोजता येते हे इटलीच्या पाओलो पिन्योली यांनी सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये दाखवलं. शवविच्छेदनात मिळालेल्या धमन्यांशी त्यांनी मोजमाप ताडून पाहिलं होतं. ही जाडी वयाबरोबर वाढतेच, त्यामुळे तिशीतले ०.८५ आणि सत्तरीतले ०.८५ एक नव्हेत.

भिंत जाड तितका हृदयविकार-पक्षाघाताचा धोका जास्त, हे हजारो लोकांच्या पाहणीत खरं ठरलं आहे. पण म्हणून एकट्यादुकट्याचं भविष्य त्यातून कळतं का? २०१२ मध्ये १४ पाहण्यांतल्या सुमारे ४६ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांवरून काढलेल्या अंदाजात या जाडीने घातलेली भर नगण्य निघाली. २०१३ पासून अमेरिकी हृदयरोग संघटनांनी ही चाचणी सरसकट करू नये असंच सुचवलं आहे. पॅकेजं मात्र चालूच आहेत.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडणारा: औषधाने जाडी घटली नाही, म्हणजे औषध लागू पडलं नाही. एझेटिमाइब या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची गोष्ट पाहा. स्टॅटिन या त्याच कामाच्या औषधाच्या जोडीला ते दिल्यावर भिंतीच्या जाडीत फरक पडला नाही, असं २००८ मध्ये जाहीर झालं आणि औषधावर टीकेची झोड उठली. पुढे १८ हजारांवर हृदयरुग्णांच्या चाचणीत त्याच जोडीने हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण थोडं, पण निश्चित घटवलं. शिवाय वर्षभरातला बदल मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत असतो. तेवढा फरक मशीन किंवा तपासणारा हात बदलला तरी पडतो.

रिपोर्टात खरं शोधायचं ते ‘प्लाक’, म्हणजे एके ठिकाणी साचलेला उंचवटा. तो असेल तर डॉक्टरांशी नीट बोला.

आणि पक्षाघाताची चाहूल लागली, म्हणजे एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एका डोळ्यापुढे अंधार आला, तर जुना रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून थांबू नका. पंधरा मिनिटांत बरं वाटलं तरी तडक रुग्णालय गाठा.