नातवाचा संगणक आणि आजींची ठेव

२०२३ च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. दवाखान्यात नियमित येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका रक्तदाब तपासून झाल्यावरही खुर्चीवरून उठल्या नाहीत. गावात सारे त्यांना 'बाई' म्हणतात. मीही तसेच म्हणतो. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मला वाटले, एखादा तपासणी अहवाल असेल. प्रत्यक्षात ते संगणकाच्या दुकानातील कोटेशन होते. खाली एकूण रक्कम लिहिली होती : ९८,००० रुपये.

"डॉक्टर, नातू इंजिनिअरिंगला लागला. अभ्यासाला आणि गेम खेळायला असा एकच कॉम्प्युटर हवा म्हणतो, सुटे भाग आणून घरीच जोडणार आहे. माझी एक लाखाची ठेव आहे, ती मोडते. तुमच्या मुलानंही असाच जोडला होता ना? एवढं सगळं खरंच लागतं का, तेवढं सांगा."

ती ठेव कशासाठी ठेवली होती, हे मला ठाऊक होते. उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. डावा डोळा राहिला होता. मी त्याची आठवण करून दिली, तेव्हा बाई हसल्या. "डोळा काय, पुढच्या वर्षी."

वाचकहो, हा लेख बाईंच्या परवानगीने लिहीत आहे. नातवंडाने मागितले आणि आजी-आजोबांनी आपली औषधे, चष्मा किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलली, असे माझ्या दवाखान्यात वरचेवर दिसते. त्या मायेला मी बोल लावणार नाही. परंतु कोटेशनवरील प्रत्येक ओळ कशासाठी आहे, हे समजून घेतले तर मायेची किंमत अकारण वाढत नाही, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

माझी शिकवणी

मला हे कळते, कारण मी एकदा फसलो आहे. २०१९ मध्ये माझ्या मुलाने संगणक जोडला, तेव्हा कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळालेला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, आम्ही आनंदाने घेतला. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी विजेचा दाब वरखाली झाला, जळका वास आला आणि त्या डब्यासोबत मदरबोर्ड व हार्ड डिस्कही गेली. मुलाचा दोन वर्षांचा अभ्यास त्यात होता. वाचवलेल्या दोन-अडीच हजारांची ती किंमत होती.

बाईंच्या कोटेशनमध्येही तीच ओळ होती : 'कॅबिनेट, लाइटसह, एसएमपीएस इन्क्लुडेड.' कंपनीचे नाव नाही, वॉटचा आकडा नाही. मी त्यांना म्हणालो, "बाई, नातवाला घेऊन रविवारी घरी या."

आधी खेळ, मग यंत्र

रविवारी मी नातवाला पहिला प्रश्न विचारला : तू खेळतोस काय? याच उत्तरावर अर्धा खर्च ठरतो. व्हॅलोरंटसारखे काही लोकप्रिय खेळ साध्या यंत्रावरही चालतील असेच घडवलेले असतात. तेवढेच खेळायचे असेल तर वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागत नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये चित्रे रेखाटण्याची सोय आतच असते. बाईंच्या नातवाला मात्र मोठे, चित्रमय खेळही खेळायचे होते. तिथे कार्ड लागते. ही मागणी योग्य होती आणि आम्ही ती मान्य केली.

खेळांच्या यंत्रात सर्वाधिक काम ग्राफिक्स कार्ड करते. एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा त्यावर जावा. कोटेशनमध्ये नेमके उलटे होते : प्रोसेसर भारी, मदरबोर्ड त्याहून दिमाखदार आणि कार्ड अवघे ४ जीबीचे. आम्ही रेडिऑन आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड निवडले. नेहमीच्या १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्याला ते पुरेसे आहे आणि वीजही बेताची घेते, १३२ वॉटच्या आसपास.

'आय-सेव्हन' या नावाची भूल

"आय-सेव्हनच हवा," असे नातू म्हणत होता. केवळ नावावर जाऊ नये, पिढी पाहावी. २०१७ चा आय-सेव्हन ७७०० आणि २०२२ चा आय-थ्री १२१०० या दोघांतही गाभे चारच आहेत, आणि तरी नवा 'धाकटा' जुन्या 'थोरल्या'ला मागे टाकतो. नावापुढील अक्षरेही वाचावीत. इंटेलच्या क्रमांकापुढे 'एफ' असेल तर आत चित्रांची सोय नाही, वेगळे कार्ड घ्यावेच लागते. मात्र किंमत थोडी कमी असते. 'के' असेल तर सहसा पंखा वेगळा विकत घ्यावा लागतो.

आम्ही रायझन ५ ५६०० घेतला. सहा गाभे, ६५ वॉटचा, आणि पंखा खोक्यातच मिळतो. खेळालाही पुरतो आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासालाही.

जे एकमेकांत बसलेच पाहिजे

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्या खाचेचा प्रकार मदरबोर्डशी जुळावा लागतो. एएमडीची एएम४ ही जुनी खाच फक्त डीडीआर४ स्मृती घेते. २०२२ मध्ये आलेली एएम५ फक्त डीडीआर५ घेते. एका प्रकारची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही. म्हणून ओळखीच्या माणसाने 'घरात पडून होती' म्हणून दिलेली पट्टी आधी तपासावी.

स्मृती १६ जीबी घ्यावी, पण ८ जीबीच्या दोन पट्ट्यांच्या रूपात. दोन पट्ट्या मिळून प्रोसेसरला माहिती अधिक वेगाने पुरवतात. दुकानदाराने १६ ची एकच पट्टी लिहिली होती. किंमत जवळपास तीच, काम कमी. साठवणीसाठी १ टीबीची एसएसडी घेतली, कारण आजचे काही खेळ एकेकटे १०० जीबीहून अधिक जागा घेतात.

जिथे काटकसर करू नये

आता एसएमपीएस. प्रोसेसर, कार्ड आणि उरलेले भाग मिळून हे यंत्र ऐन खेळात सुमारे २५० वॉट घेईल असा आमचा हिशेब होता. नामांकित कंपनीचा ५५० वॉटचा डबा त्याला पुरून उरतो. ८५० वॉटचा घेणे म्हणजे दोघांच्या घरात पाच किलोचा कुकर आणणे. डब्यावरील '८० प्लस' ही खूण विजेची किती नासाडी टळते हे सांगते. दाब अचानक वाढला तर डबा इतर भागांना वाचवील की नाही, हे ती सांगत नाही. म्हणून संरक्षणाच्या सोयी खोक्यावर वाचाव्यात आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते विचारावे.

दुसरी गोष्ट मॉनिटर. मुले पैसे कमी पडले की घरचा जुना पडदा वापरू म्हणतात. डोळे दिवसाचे सहा-आठ तास तिथेच खिळणार असतात. २४ इंची, १४४ हर्ट्‌झचा आणि उंची बदलता येणारा पडदा घ्यावा. जोडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन १४४ हा आकडा निवडावा. नाहीतर पुष्कळांचा पडदा वर्षभर ६० वरच चालत राहतो.

जिथे खुशाल काटकसर करावी

रंगीबेरंगी दिव्यांनी वेग वाढत नाही. काचेच्या बंद दर्शनी भागापेक्षा जाळीचे कॅबिनेट स्वस्त आणि आपल्या उन्हाळ्यासाठी बरे. हवा खेळती राहते. मात्र धूळ दर दोन-तीन महिन्यांनी, प्लग काढून, पुसावी. 'गेमिंग' नावाची महागडी खुर्चीही लागत नाही. पाठीला आधार आणि पावले जमिनीवर टेकणारी साधी खुर्ची पुरते.

वापरलेले कार्ड घ्यायचे असल्यास जपून. इथेरियम या आभासी चलनाचे उत्खनन सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवरून थांबले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. बिल, उरलेली वॉरंटी आणि समोर अर्धा तास खेळ चालवून दाखवणे, या तीन अटी पाळल्या जात नसतील तर स्वस्ताचा मोह टाळावा.

नातवाने तीन ठिकाणचे भाव आणले : गावातील दुकान, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि ऑनलाइन. शेवटी हिशेब असा झाला : ग्राफिक्स कार्ड २२, प्रोसेसर १२, मॉनिटर ११, मदरबोर्ड ८, स्मृती ४, एसएसडी ४, एसएमपीएस ४, कॅबिनेट ३, कळफलक-माऊस २. एकूण ७० हजार. विंडोजचा परवाना त्याला महाविद्यालयाकडून मिळाला. आपल्याला तो विकत घ्यायचा असेल तर आधीच धरावा. भाव वरखाली होत राहतात, परंतु हे प्रमाण ध्यानात ठेवावे. पहिल्या कोटेशनपेक्षा यंत्र अधिक समर्थ झाले आणि बाईंच्या ठेवीतले तीस हजार शिल्लक राहिले.

यंत्र घरात आल्यावर

जोडणीच्या दिवशी धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि वीज जोडण्यापूर्वी सगळ्या तारा एकदा मोजाव्यात. आजी-आजोबांनी शेजारी बसावे; स्क्रू सांभाळण्याचे काम मोठे महत्त्वाचे असते.

संगणक शक्यतो दिवाणखान्यात ठेवावा. पडदा हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. वाचनाचा आणि दूरचा चष्मा एकातच असेल तर पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर मान सतत मागे टाकावी लागते. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात. घरात कुणाला लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येत असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

खेळण्याला सरसकट व्यसन म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळासंबंधीचा विकार नोंदवला आहे, पण त्याची लक्षणे ठरलेली आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान होत असूनही तो सुरूच राहणे, आणि हे साधारण बारा महिने दिसणे. सुट्टीत रात्री एकपर्यंत खेळणारा मुलगा एवढ्याने आजारी ठरत नाही. झोप, जेवण आणि माणसांत मिसळणे टिकून आहे ना, एवढे पाहावे.

एक घरभेट

बाईंचे यजमान फुप्फुसांच्या जुन्या आजाराने घरीच असतात. त्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. दिवाळीनंतर मी त्यांना तपासायला गेलो. दिवाणखान्यात नवा संगणक दिमाखात चालू होता. मी सवयीने तारेचा माग काढला. संगणक, मॉनिटर, मोबाइलचा चार्जर आणि शेजारच्या खोलीतून ओढून आणलेली कॉन्सन्ट्रेटरची वायर, सारे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते. बोर्ड हाताला गरम लागत होता.

नातवाने तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "आजोबांच्या खोलीतलं सॉकेट ढिलं झालं होतं, म्हणून तात्पुरतं..." त्याने वाक्य पूर्ण केले नाही. आजोबा खोलीतून म्हणाले, "अरे, मीच सांगितलं त्याला. त्याला नका बोलू."

मी कुणालाच बोललो नाही. आम्ही लगेच कॉन्सन्ट्रेटर भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटवर घेतला आणि त्याच दुपारी इलेक्ट्रिशियनला बोलावले. वाचकहो, आपल्या घरीही आजच पाहा. रुग्णाचे यंत्र थेट भिंतीवरील, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर एकटे असावे; वीज गेल्यास भरलेला सिलिंडर हाताशी असावा. संगणकाची सोय वेगळी हवी. ६०० व्हीएचे साधे यूपीएस बहुधा ३६० वॉटच पेलते. वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरते ते आहे. खेळ चालू ठेवण्यासाठी नाही.

जानेवारीत बाईंच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या तपासणीला नातूच त्यांना घेऊन आला. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, त्याच्या त्या खेळात झाडाची पानंसुद्धा हलतात हो. मला आत्ता दिसलं." नातू खाली पाहून हसला आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या वेळा त्याने मला पुन्हा एकदा विचारून मोबाइलमध्ये लिहून घेतल्या.